वाऱ्याला मान द्यायचा म्हणजे काय करायचं?

(अभ्यासपाठ: पावसाळ्यापूर्वीच्या मासिक बैठकीत मोठ्याने वाचावा आणि चर्चा करावी)



अंतर्गत कर्जाचा, व्याजाचा, बचतीचा हिशोब आपल्याला आता पाठ आहे. आजचा पाठही हिशोबाचाच आहे, पण वाऱ्याच्या. वारा किती जोराने येतो, किती वेळ आधी कळतो आणि त्या वेळात आपल्या हातून काय काय होऊ शकतं, याचा हिशोब. तो वादळ आल्यावर मांडता येत नाही. आकाश निरभ्र असताना, सगळ्याजणी बैठकीला बसलेल्या असतानाच मांडावा लागतो.

ज्यांना फक्त एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल त्यांनी ही ठेवा: घर सोडायचं की नाही हा निर्णय वादळाच्या दिवशी घ्यायचा नाही. तो आधीच घेऊन ठेवायचा. आणि तो घ्यायला घरातला पुरुष घरी असलाच पाहिजे असं नाही.

१. निसर्ग नावाचं वादळ

३ जून २०२० ही तारीख रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या बायकांना सांगावी लागत नाही. लग्नाची तारीख चुकेल, ही चुकणार नाही. वटपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. करोनामुळे मुंबईची माणसं गावी परतलेली, घरं भरलेली. त्या दिवशी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, झोत त्याहून जोराचे. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, अलिबाग, मंडणगड, दापोली या पट्ट्यात कौलं आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, मोबाईलचे टॉवर बंद पडले. सुपारीच्या आणि नारळाच्या बागा तर काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा पडल्या. कितीतरी वाड्यांवर वीज यायला आठवडे लागले.

या वादळाचं नाव बांगलादेशाने सुचवलेलं होतं. आपल्या बाजूच्या समुद्रांत उठणाऱ्या वादळांची नावं तेरा देश मिळून आधीच ठरवून ठेवतात. २०२० साली नावांची नवी यादी आली आणि तिच्यातलं पहिलंच नाव होतं 'निसर्ग'. बंगालीत त्याचा अर्थ तोच, जो मराठीत.

आता यातला वेळेचा हिशोब बघा. १ जूनला समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र वाढत होतं. २ जूनला दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि त्याला नाव मिळालं. ३ जूनला दुपारी ते घरावर आलं. म्हणजे नाव पडल्यापासून घराचं छप्पर उडेपर्यंत मध्ये एकच दिवस. एवढ्या वेळात घर आवरायचं, गुरं बघायची, म्हाताऱ्या सासूला हलवायचं, धान्य वर ठेवायचं, आणि त्यातच "जायचं की थांबायचं" यावर घरात वादही घालायचा. म्हणून म्हणते, निदान वाद तरी आधी घालून घेऊया.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते आलं. ते आपल्या किनाऱ्यावर चढलंच नाही. सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत समुद्रातूनच वर गेलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातमध्ये दीवजवळ जमिनीवर आलं. तरी जाता जाता आपल्याकडच्या आंब्याच्या बागा, घरं, होड्या यांची नासाडी करून गेलं. मुंबईपुढच्या समुद्रात पी-३०५ नावाचा तराफा बुडाला आणि त्या दुर्घटनेत सत्तरहून अधिक माणसं गेली. वादळ "बाजूने जाणार आहे" हे ऐकून निर्धास्त व्हायचं नाही, हे तौक्तेने शिकवलं.

२. हे वादळ उठतं कशाने?

चुलीवरच्या भांड्यातलं पाणी तापलं की वाफ वर जाते. समुद्राचंही तसंच. समुद्राच्या वरच्या थराचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलं की भरपूर वाफ वर चढू लागते. खालची हवा वर गेली की खाली जागा मोकळी होते, म्हणजेच तिथला दाब कमी होतो. ती जागा भरायला आजूबाजूची हवा धावत येते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ही धावणारी हवा सरळ न येता गोल फिरत येते. आपल्याकडे ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. वर गेलेल्या वाफेचे ढग होताना उष्णता सुटते, त्याने हवा आणखी वर ओढली जाते आणि चक्र वाढत जातं. जमिनीवर आलं की खालून वाफेचा पुरवठा तुटतो आणि जोर उतरतो. चुलीतलं लाकूड ओढून घेतल्यासारखं.

अमेरिकेच्या बाजूला यालाच हरिकेन म्हणतात, जपान-चीनकडे टायफून म्हणतात. नाव वेगळं, जातकुळी एकच.

अरबी समुद्रात अशी वादळं मुख्यतः दोन वेळा उठतात: पावसाळा सुरू होण्याआधी मे-जूनमध्ये आणि पावसाळा गेल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. २००९ सालचं फयान नोव्हेंबरातलं होतं, हे बंदरावरच्या ताईंना आठवत असेल. पूर्वी आपण म्हणायचो की वादळं म्हणजे बंगालच्या उपसागराची गोष्ट. पण गेल्या काही दशकांत अरबी समुद्राचं पाणी तापत चाललंय आणि जोरदार वादळांचं प्रमाण वाढलंय. त्यामुळे "आमच्या सासऱ्यांच्या काळात असं कधी झालं नाही" हे खरं असलं तरी आता त्यावर विसंबता येणार नाही.

३. वाऱ्याचा हिशोब

हा भाग नीट वाचा, कारण इथेच आपला अंदाज चुकतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो.

दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद असा एक पत्रा घ्या. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात त्या पत्र्यावर साधारण पन्नास किलोचा जोर येऊ शकतो, म्हणजे तांदळाचं एक पोतं. वारा ताशी १२० किलोमीटर झाला की तोच जोर दोनशे किलोवर जातो, म्हणजे चार पोती. आणि हा जोर पत्र्याला खाली दाबत नाही, वर उचलतो. पावसात छत्री उलटी होते ना, तसंच. वारा पागोळीखालून आत शिरतो आणि वरून ओढतो. म्हणून छपराच्या कडा आणि कोपरे आधी जातात. पत्र्यावर दोन दगड किंवा जुना टायर ठेवला की काम झालं असं वाटतं, पण चार पोती उचलणाऱ्या वाऱ्यापुढे दोन दगडांचं काय? उलट तेच दगड उडून कुणाला तरी लागतात.

यातून तीन गोष्टी कळतात. एक, पत्रा वाशाला खिळ्याने मारलेला असेल तर तो उपटतो. हुकाने आणि नटबोल्टने आवळलेला असेल तर जास्त टिकतो. दोन, शाकारणी करताना किंवा पत्रे बदलताना कडेच्या रांगेला जास्त हूक लावून घ्या. खर्च थोडा वाढेल, पण पूर्ण छप्पर पुन्हा घालण्यापेक्षा कमीच. तीन, वादळ सुरू झाल्यावर छप्पर धरायला कुणालाही वर चढू द्यायचं नाही. नवरा असो, मुलगा असो, त्याचा हात धरून ठेवा. पत्रा परत आणता येतो.

दुसरी गोष्ट वादळाच्या डोळ्याची. चक्रीवादळाच्या मध्यभागी एक शांत जागा असते. ती ज्या गावावरून जाते तिथे वारा एकदम पडतो, कधी ऊनही दिसतं. माणसं बाहेर येतात, उडालेले पत्रे गोळा करायला लागतात. आणि थोड्या वेळाने वारा पुन्हा सुरू होतो, या वेळी उलट दिशेने. पहिल्या वाऱ्याने जे खिळखिळं केलेलं असतं ते दुसरा वारा पाडतो. म्हणून वारा अचानक थांबला तर बाहेर यायचं नाही. वादळ गेलं असं सांगितलं जाईपर्यंत आत थांबायचं.

तिसरी गोष्ट पाण्याची. वादळ समुद्राचं पाणी ढकलत किनाऱ्यावर आणतं. त्यात भरतीची वेळ किंवा पौर्णिमा-अमावास्येचं उधाण असेल तर पाणी आणखी आत शिरतं आणि खाडीतून वर चढतं. म्हणून वादळाची बातमी आली की भरती किती वाजता आहे हे विचारा. ते दाखवायला ॲप लागत नाही. तुमच्या गटातली कोळीणताई तिथी ऐकून सांगेल.

४. इशारा कळला, पुढे काय?

हवामान खातं चार रंग वापरतं. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे कृती करा. लाल रंग दिसल्यावर तयारी सुरू करायची नसते. तयारी नारिंगीलाच पूर्ण झालेली असायला हवी. बंदरावर बावटा लागतो, त्याचा नंबर वाढला की धोका वाढला.

चक्रीवादळाची सूचना साधारण टप्प्याटप्प्याने येते. प्रत्येक टप्प्याला आपलं काम असं वाटून घ्या:

तीन दिवस आधी: गटाच्या फोनसाखळीवर बातमी फिरवा. औषधं, काडेपेटी, मेणबत्ती, टॉर्च, रेडिओ बघून ठेवा. होड्या समुद्रात असतील तर निरोप पोचला का ते विचारा.

दोन दिवस आधी: घरावर झुकलेल्या फांद्या तोडून घ्या. अंगणातले सैल पत्रे, प्लास्टिकची पिंपं, बांबू आत घ्या. वाऱ्यात त्यांची हत्यारं होतात. धान्य पिशवीत बांधून माळ्यावर किंवा उंच ठेवा. कागदपत्रांची पिशवी तयार करा.

एक दिवस आधी: सगळे मोबाईल चार्ज करा. पिण्याचं पाणी भरून झाका. दोन वेळचं कोरडं खाणं करून ठेवा: भाकरी, चटणी, लाडू, चुरमुरे. म्हातारी माणसं, गरोदर सुना, अपंग व्यक्ती यांना याच दिवशी, उजेडात हलवा.

बारा तास आधी: गॅसची टाकी बंद, विजेचं मुख्य बटण बंद. गुरांची दावी सोडा. बांधलेलं जनावर गोठ्याखाली सापडतं. मोकळं असेल तर आपला जीव वाचवण्याची त्याला संधी मिळते. ठरलेल्या जागी जा.

मदतीसाठी ११२ हा नंबर आहे, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७. दोन्ही नंबर घराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. मोबाईलमध्ये साठवलेला नंबर मोबाईल बंद पडला की जातो.

५. बायकांचा जीव जास्त का गेला?

आता एक अवघड भाग. २९ एप्रिल १९९१ च्या रात्री बांगलादेशात चितगावच्या किनाऱ्यावर मोठं चक्रीवादळ आलं. सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली. नंतर जी पाहणी झाली त्यात दिसलं की २० ते ४४ या वयातल्या दर हजार पुरुषांमागे १५ जण गेले, आणि त्याच वयाच्या दर हजार बायकांमागे ७१ जणी.

समुद्र बाई-पुरुष बघत नाही. मग हा फरक कुठून आला? कारणं ऐकलीत तर ओळखीची वाटतील. इशारा बाजारात, मशिदीजवळ, चहाच्या टपरीवर दिला गेला. घरातल्या बाईपर्यंत तो पोचला उशिरा. ती नवऱ्याची वाट बघत थांबली. घर, कोंबड्या, भांडी सोडून कसं जायचं म्हणून थांबली. पोरांना उचलून पळता आलं नाही. साडी पायात अडकली, पोहता येत नव्हतं. निवाऱ्याच्या जागी वेगळी खोली नाही, संडास नाही, परक्या पुरुषांच्या गर्दीत कसं बसायचं म्हणूनही काही जणी गेल्या नाहीत.

ताईंनो, यातलं कोणतं कारण आपल्या वाडीत नाही? मी बैठकांमध्ये विचारते, "वादळाच्या वेळी घर सोडायचं कोण ठरवतं?" बहुतेक ठिकाणी आधी हसू येतं आणि मग "हे ठरवतात" असं उत्तर येतं. "आणि हे मुंबईला असले तर?" "फोन करते." आणि फोन लागला नाही तर? या प्रश्नाला गप्प बसायला होतं. निसर्गच्या दिवशी टॉवर बंद पडले होते, हे लक्षात घ्या.

पण या गोष्टीचा दुसरा भागही आहे. १९९१ नंतर बांगलादेशाने किनाऱ्यावर निवारे बांधले, इशारा दारोदार पोचवणाऱ्या स्वयंसेवकांची फळी वाढवली आणि त्यात बायकांना घेतलं. आज त्या फळीत जवळपास निम्म्या बायका आहेत. मे २०२० मध्ये, आपल्या निसर्गच्या दोन आठवडे आधी, तिकडे अम्फान आलं. करोना असतानाही सुमारे २४ लाख लोकांना आधी हलवलं गेलं. देशातल्या मृत्यूंचा आकडा शंभराच्या आत राहिला. आपल्या ओडिशातही हेच घडलं: १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली, २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा जवळजवळ दहा लाख लोक आधी हलवले होते आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले.

वारा तोच होता, समुद्र तोच होता. माणसांनी वेळेत वाट सोडली, एवढाच फरक.

६. मान देणं म्हणजे काय?

आपल्याकडे समुद्राला मान द्यायची रीत जुनी आहे. पावसाळ्यात होड्या वर काढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच पुन्हा पाण्यात घालायच्या. त्यात भक्ती आहे आणि शहाणपणही आहे: खवळलेल्या समुद्राशी बरोबरी करायची नाही, त्याचा काळ असेल तेव्हा आपण मागे सरायचं. वादळातही हाच नियम लावायचा. देवापुढे दिवा जरूर लावा, पण लावून झाला की विझवा, पिशवी उचला आणि निघा.

मानाचा दुसरा अर्थ झाडांशी जोडलेला आहे. खाडीकाठचं कांदळवन लाटेचा जोर मोडतं, किनाऱ्यावरची सुरूची झाडं वारा अडवतात. पांढरी चिप्पी हा आपल्या राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून २०२० सालीच जाहीर झाला. जळणासाठी किंवा भराव टाकण्यासाठी कांदळवन तोडलं तर आपण आपल्याच घराची कुडाची भिंत काढून टाकतो.

बागा पुन्हा लावतानाही विचार करा. सुपारीचं झाड उत्पन्न द्यायला सहा-सात वर्षं घेतं. ज्यांची बाग २०२० ला गेली त्यांना त्याची किंमत सांगायला नको. एकाच पिकावर सगळं घर अवलंबून ठेवू नका. बागेत मिरी, जायफळ, हळद, केळी घ्या, शिवाय कोंबड्या, भाजी, गटाचा एखादा छोटा धंदा असू द्या. एक आडवं झालं तर दुसरं उभं राहतं.

७. गटाने या महिन्यात करायची कामं

पहिलं, ठराव. इतिवृत्तात स्पष्ट लिहा: "लाल इशारा मिळाल्यावर गटातील प्रत्येक सभासद कुणाच्याही फोनची वाट न बघता मुलं व वृद्धांसह ठरलेल्या जागी जाईल." सह्या, अंगठे घ्या. हा ठराव घरी वाचून दाखवा. घरच्यांना आधी माहीत असलं की त्या दिवशी "कुणाला विचारून निघालीस?" हा प्रश्न येत नाही.

दुसरं, जागा. शाळा म्हणजे सुरक्षित, असं धरून चालू नका. जाऊन बघा: छप्पर पत्र्याचं आहे की स्लॅबचं? खाडीचं पाणी तिथवर येतं का? किल्ली कुणाकडे आहे? संडास आहे का, त्याला कडी आहे का, बायकांना वेगळी खोली मिळेल का? नसेल तर ग्रामसभेत आत्ताच मागा.

तिसरं, जोड्या. प्रत्येक एकट्या राहणाऱ्या बाईमागे, प्रत्येक म्हातारीमागे एक सभासद नेमा. "कुणीतरी बघेल" असं ठेवलं की कुणीच बघत नाही.

चौथं, कागदांची पिशवी. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, सातबारा, घरपट्टीची पावती, औषधांची चिठ्ठी, थोडे रोख पैसे. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. गटाचं इतिवृत्त, रोखवही आणि बचतीचं रजिस्टर यांचीही अशीच पिशवी सचिवताईंकडे हवी. प्रत्येक महिन्याच्या हिशोबाच्या पानाचा फोटो काढून निदान दोघींच्या मोबाईलमध्ये ठेवा. वही भिजली तर कुणाचं किती कर्ज यावरून भांडणं होतात, आणि छप्पर उडालेल्या गावात भांडण परवडत नाही.

पाचवं, विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो, वय १८ ते ७०. वादळासारख्या आपत्तीत झालेला मृत्यू किंवा अपंगत्वही त्यात येतं. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. म्हणून मे महिन्यात खात्यात पैसे शिल्लक आहेत ना, हप्ता कापला गेला ना, हे पासबुक भरून बघा.

सहावं, निधी. दर महिन्याला प्रत्येकीने बचतीव्यतिरिक्त थोडी रक्कम आपत्तीसाठी वेगळी काढता येते का, यावर बोला. ग्रामसंघाकडे जोखीम निधी असेल तर तो कुणाला, किती दिवसांत मिळतो याचे नियम आत्ता विचारून घ्या.

८. वादळ गेल्यावर

पहिले काही दिवस सर्वात जास्त अपघात आवराआवरीत होतात. पडलेल्या तारेला हात लावू नका, काठीनेही नाही. आडव्या पडलेल्या झाडाची फांदी ताणलेली असते, तोडली की उसळते. ते काम माहीतगाराकडून करून घ्या. ढिगाऱ्यात हात घालण्याआधी काठीने ठोका, साप-विंचू असतात. पाणी उकळून प्या आणि विहिरीत औषध टाकल्याची आशाताईकडून खात्री करा. जनरेटर आणलात तर तो बंद घरात चालवू नका. त्याचा धूर जीव घेतो आणि वासही येत नाही अशी विषारी हवा त्यात असते.

आवरण्याआधी फोटो काढा. घराचे चारही बाजूंनी, पडलेल्या झाडांचे, मेलेल्या जनावरांचे. फोटोत घरातलं माणूस उभं असू द्या. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक पंचनाम्याला येतील तेव्हा घरात बाईच असते; म्हणून झाडं किती, कौलं किती, कोणत्या खोलीचं नुकसान, हे तिला माहीत हवं. पंचनाम्यावर काय लिहिलंय ते वाचून मगच सही करा. वाचता येत नसेल तर गटातल्या मुलीला बोलवा, संकोच नको.

आपल्याकडे मदत अडकते ती बऱ्याचदा नावामुळे. घर सासऱ्यांच्या नावावर, सासरे वारलेले. बाग समाईक, सातबाऱ्यावर बरीच नावं, त्यातली निम्मी मुंबईला. घरात राहणारी, बाग शिंपणारी बाई मात्र कागदावर कुठेच नाही. वारस नोंद राहिली असेल तर ती याच उन्हाळ्यात करून घ्या. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावून घ्या. स्वतःचं बँक खातं चालू ठेवा. हे काम वादळानंतर करायला गेलं की रांगेत महिने जातात.

आणि एक. वादळानंतर बाई सगळ्यांना जेवायला घालते, शेवटी स्वतः जेवते, आणि रात्री झोप लागत नाही हे कुणाला सांगत नाही. वारा सुटला की छातीत धडधडतं, मुलं चिकटून बसतात. हे घडतं, यात लाज नाही. पुढच्या बैठकीत हजेरीनंतर पहिली दहा मिनिटं यासाठी ठेवा. व्यवहार नंतर.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वाडीत लाल इशारा आला, नवरा मुंबईला आहे आणि फोन लागत नाही. निघायचं कधी आणि कुठे?
२. आपल्या गटात घर किंवा जमीन स्वतःच्या नावावर असलेल्या किती जणी आहेत? मोजा आणि आकडा लिहा.
३. ठरलेल्या निवाऱ्यापर्यंत चालत जायला सर्वात म्हाताऱ्या सभासदाला किती वेळ लागतो? खरंच चालून बघा.
४. निसर्ग किंवा तौक्तेच्या वेळी आपल्याला कोणती वस्तू हवी होती आणि सापडली नाही? प्रत्येकीने एकच सांगा.

गृहपाठ: प्रश्न तीनचं उत्तर मिनिटांत लिहून, ठरावाच्या प्रतीसह पुढच्या महिन्याच्या अहवालाला जोडा. मी भेटीला येईन तेव्हा पिशवी बघायला मागणार आहे, आणि शाळेची किल्ली कुणाकडे आहे तेही विचारणार आहे.